सात नंबरची नाडी

बसा पोरांनो, चहा घ्या. राउंडला अजून वीस मिनिटं आहेत. एकतीस वर्षं मी या वॉर्डात स्ट्रेचर ढकलतोय, तुमच्यासारखे कितीतरी इंटर्न आले नि गेले. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर सिस्टरना विचारा, त्या विषय बदलतील.

त्याला सगळे टॉपर म्हणायचे. पहिल्या वर्षी मुडदा बघून बाकीची पोरं चक्कर येऊन पडली, हा पठ्ठ्या तिथून उठून डबा खायला गेला. पुढं सरांच्या मागून वॉर्डात फिरताना उत्तरं याच्या जिभेवर तयार. शेवटी इंटर्नशिपचं वर्ष आलं आणि डोक्यात एकच गोष्ट राहिली. पुढच्या एमडीची एंट्रन्स. मेडिसिनची सीट. त्यापायी घरी फोन करणंही सोडलं होतं त्यानं.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवारची रात्र. सात नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या. सर जाताना टॉपरला म्हणाले, "दर तासाला नाडी बघ, बीपी बघ. जरा खालीवर वाटलं तर मला उठव." आजींची मुलगी बाहेर बाकावर बसलेली.

अकराला त्यानं नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी. लिहिली. मग त्याच दमात बारा, एक, दोन, तीन, चार, पाच... सगळे रकाने भरून टाकले. आकडे थोडे वरखाली, खरे वाटावेत असे. माना कशाला खाली घालताय, तुम्हीही हे करता. मी समोर उभा होतो. बघितलं आणि गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन वाजता मुलीनं ड्यूटी रूमचं दार वाजवलं. "डॉक्टर, आईचा हात गार लागतोय हो."

त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही. "आत्ताच बघितलंय. चार्टवर लिहिलंय, वाचा."

तिनं वाचलं. दोन वाजता, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. बिचारीनं आईचं पांघरूण सारखं केलं आणि परत बाकावर जाऊन बसली.

सकाळी सहाला मी चादर बदलायला गेलो, तर आजी लाकडासारख्या ताठ. जीव जाऊन कितीतरी तास उलटलेत हे सरांना काय कळलं नसेल? पण त्यांनी चार्ट बघितला आणि मृत्यूची वेळ टाकली, पाच पन्नास. मुलगी म्हणाली, "अहो, मी दोनला सांगितलं होतं." सर म्हणाले, "बाई, इथं लिहिलंय ना."

"मग माझ्याच हाताला नीट कळलं नसेल," ती म्हणाली. आणि टॉपरची माफी मागितली तिनं. त्यानं ती ऐकून घेतलीसुद्धा.

बुधवारी रात्री पुन्हा त्याचीच ड्यूटी. या वेळी मात्र तो दर तासाला उठला. बारा, ठीक. एक, ठीक. दोन वाजता त्यानं चार नंबरचा हात धरला. नाडी लागेना. पेशंट जागा होता, बोलत होता. "काय झालं डॉक्टर?"

पाच नंबर. नाही.

सहा. नाही... हात गार.

आठ, नऊ, दहा. सगळे जागे झाले. सगळे त्याच्याकडे बघतायत. एकालाही नाडी नाही.

त्यानं स्वतःचं मनगट धरलं.

...

सात नंबर रिकामा होता. नुसती गादी. तो तिथं का गेला, त्यालाच ठाऊक. वाकला. गादीवर बोटं टेकवली. ओठ हलायला लागले. मोजत होता... मिनिटभर.

"मामा," तो मला म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी."

त्यानंतर त्याच्या बोटांना कुणाची नाडी लागलीच नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं, बोटं ठणठणीत. मार्चमध्ये निकाल लागला. मेडिसिनची सीट मिळाली. पण जिवंत कोण आणि मेलेला कोण हेच हाताला कळेना, तर सीट घेऊन करायचं काय? सोडून दिली.

स्टँडवर मीच त्याला पोचवायला गेलो. बॅग वर देताना त्याच्या शर्टाची बाही मागं सरकली. मनगटावर तीन ठसे, नाडी बघताना बोटं टेकतात तिथंच. निळे. म्हाताऱ्या, बारीक बोटांचे.

"कुणी धरलं होतं रे?" मी विचारलं.

त्यानं मनगट माझ्यापुढं धरलं. आम्ही दोघं बघत राहिलो.

आमच्या डोळ्यांदेखत ते ठसे आणखी आत गेले.