समीकरणाची मुळं

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर मी गेले ती चुकून. डोळे भरून आले होते, दारावरची पाटी दिसलीच नाही. रिकामी खोली असेल म्हणून दार ढकललं. आत पुस्तकं बांधणारा एक तरुण दातांत सुई धरून, दोन्ही हातांनी एक जाडजूड पुस्तक दाबून उभा होता.

"दोरा ओढा जरा," तो दातांतूनच म्हणाला.

मी ओढला. गाठ बसली तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि काय झालं ते हळूच विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. सकाळी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग, दुपारपासून दादाच्या शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं, असा माझा दिवस. तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या पहिल्याच चाचणीत मला शंभरात एकोणीस मिळाले होते. अनुवादकालाच मी लेखक करून टाकलं होतं. 'मुळांचा शोध' हे पुस्तक झाडाझुडपांत घातलं होतं, आणि ते निघालं गणिताचं, समीकरणाच्या मुळांचं! बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, हशा पिकला. दोन महिन्यांनी पुन्हा नापास झाले तर नाव कटणार होतं. झेपत नाही ते सोड, असं दादाचं म्हणणं.

तो हसला नाही. "नियम तुम्हाला पाठ असतील," तो म्हणाला. "पण पुस्तक कुठे ओळखीचं आहे? आधी ते शिका... मग नोंद."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुटला की अर्धा तास मी त्या खोलीत. त्यानं एक जुनं पुस्तक उसवून माझ्यापुढे पसरलं. शीर्षकाचं पान कुठलं, त्याच्या पाठीमागे काय छापतात, नवी आवृत्ती कशाला म्हणायचं आणि नुसतं पुनर्मुद्रण कशाला, संपादकाचं नाव कुठे दडून बसतं, हे त्यानं बोट ठेवून दाखवलं. विषयांचं मात्र त्यालाही अवघड होतं. तो दहावीनंतर शिकलाच नव्हता. मग मी मुलांचा ज्ञानकोश आणला. तो शिवायचा, मी मोठ्यानं वाचायची. ग्रहण, भूमिती, कायदा, मधमाश्या... रोज चार पानं, एकही दिवस खाडा नाही. तापात होते तेव्हासुद्धा गेले. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि वाचायला आपण घेतलं, अडखळत.

"असं बघू नका," तो पुस्तकावरची नजर न काढता म्हणाला. "ओळ चुकते."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. ओळ तरीही चुकली.

चाचणीत एकाहत्तर मिळाले. त्याच दिवशी मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, नव्या मुलांना नियम शिकवण्याआधी पंधरा दिवस बांधणीच्या खोलीत पाठवा. पुस्तकाची आणि विषयांची तोंडओळख नसेल तर नियम डोक्यावरून जातात. बाई म्हणाल्या, त्या दिवशी वाचून दाखवायला नको होतं मी. आणि माझी सूचना लिहून घेतली.

खाली आले तर तो खळ ढवळत होता. गुण ऐकून चेहरा उजळला, आणि लगेच उतरला.

"आता तुमचं इथे काय काम..." तो म्हणाला.

"लग्नाचं विचारायला आलेय."

त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. तुम्ही ग्रंथपाल होणार, मी दहावी पास, असं काहीतरी तो पुटपुटला. मी म्हटलं, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. महिनाभर विचार केलाय, आणि सकाळी दादाला सांगूनही आलेय.

"दादा काय म्हणाले?"

"म्हणाला, आधी माणूस दाखव."

"कधी यायचं?" त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं.

"आत्ता."

त्यानं हातांवरची खळ घासून घासून धुतली, दोनदा केस विंचरले, आणि भर दुपारी खोलीला कुलूप लावलं.