आलेर्सेची चूल

'आलेर्से' या मालवाहू यानावर सकाळचं माते यंत्रघरातच व्हायचं. सगळी चिलोए बेटांवरची माणसं. घर कितीही मागे पडलं, तरी एकाच तुंब्यातून, एकाच नळीने, पाळीपाळीने तो कडू काढा प्यायल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. भिंतीतून निघालेल्या जाड नळावर किटली ठेवली की पाणी हवं तेवढंच तापे. तुंबा भरायचा मान मुख्य अभियंता एफ्राईन ओयार्सूनचा.

यानाच्या भट्टीला सगळे चूल म्हणत. दोन मजल्यांएवढं लोखंडी पिंप, पोटाशी जाड काचेची खिडकी, आत पिवळसर उजेड. तिचं काही बिनसलं की कॅप्टन विचारायची, "किती वेळ?" एफ्राईन तोंड वाकडं करून म्हणायचा, "दिवस जाईल," आणि जेवणाच्या आत काम उरकून हात पुसत बाहेर यायचा. या खोडीमुळे शनीपर्यंतच्या सगळ्या तळांवर त्याचं नाव झालं होतं.

शनीची कडी मागे पडली आणि चूल विझली.

आवाज नाही, वास नाही. काचेतला उजेड गेला, एवढंच. नळ गार पडले. भिंतींवर दव धरलं, मग त्याचा बर्फ झाला. माणसं जेवणघरात एकमेकांना चिकटून बसली.

"किती वेळ, एफ्राईन?" कॅप्टन वेर्ना अल्तामिरानोने विचारलं.

"दिवस जाईल," तो सवयीने म्हणाला.

लोक सुटल्यासारखे हसले. ते हसू पाठीवर घेऊन तो खाली उतरला.

त्याने सगळं उघडून पाहिलं. काहीही बिघडलेलं नव्हतं. तारा शाबूत, झडपा शाबूत, इंधन भरलेलं. त्याच्या हाताखालची तेल्मा काइकेओ दिवा धरून उभी होती. त्याने तिला वरून मोठा पाना आणायला पाठवलं. पाना नकोच होता. आपले हात नुसतेच लोंबकळतायत हे तिला दिसू नये, म्हणून. ती गेल्यावर त्याने पिंपाला कपाळ टेकलं. लोखंड इतकं गार, की कातडी चिकटली.

"काय हवं ते घे," तो पुटपुटला, "पण पेट."

चूल पेटली.

जेवणघरात टाळ्या पडल्या. आचारी नोल्बेर्तोने त्याला कमरेला धरून उचललंच. "नमस्कार करून घ्या रे चीफना, पुढच्या खेपेला पावतील!" एफ्राईनने तोंड उघडलं. मी काहीच केलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते राहून गेलं.

"काय केलंत, चीफ?" तेल्माने विचारलं.

"ठिणगीच्या तारा बदलल्या."

दुपारी त्याने तिला त्या तारांपाशी वाकलेलं पाहिलं. तारांवर जुनी धूळ तशीच होती. तिने बोट फिरवलं, विजारीला पुसलं आणि कामाला लागली. एफ्राईनचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी माते करताना बाकावर त्याच्या आणि तेल्माच्या मध्ये जागा रिकामी होती. तुंबा घ्यायला तिला लांब वाकावं लागलं.

"सरक की जवळ," तो म्हणाला.

"सरकते," ती म्हणाली, पण हलली नाही. का ते तिलाही कळलं नसावं. तिने त्या जागेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

नोल्बेर्तो बटाट्याचे मिल्काओ घेऊन आला. सगळ्यांना वाटून झाल्यावर एक उरला. "काल पण उरला होता," तो म्हणाला. "हात ऐकत नाही माझा. कोण घेतंय?"

कुणीच घेतला नाही. एरवी या लोकांत शेवटच्या मिल्काओवरून भांडणं व्हायची.

मग एक पोशाख सापडला. यानाबाहेर जायच्या पोशाखांच्या रांगेत, एफ्राईनच्या पोशाखाला लागूनच टांगलेला. त्याने तो अंगाला लावून पाहिला, तर छातीपर्यंतच आला.

"हा कुणाचा?" तेल्माने हळूच विचारलं.

"जादाचा असेल."

"एवढा लहान?"

कोपराला ठिगळ होतं. बापाकडून मासेमारीची जाळी सांधायला शिकताना त्याने उचललेली आडवी गाठ त्या ठिगळावर ओळीने बसली होती. यानावर ती गाठ दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पोशाख हातात घेऊन तो उभा राहिला. आता रडू येईल, म्हणून वाट पाहिली. आलं नाही. लाज तेवढी आली.

तो कॅप्टनकडे गेला. "मी काही दुरुस्त केलं नाही. मागितलं. आणि त्याच्या बदल्यात काहीतरी दिलं."

"काय दिलंस?"

"तेच आठवत नाही."

वेर्नाने दार लावून घेतलं. "झोप जरा. आणि हे लोकांपुढे बोलू नकोस, एफ्राईन. तुझ्या भरवशावर बसलेत ते."

तो तडक यंत्रघरात गेला. तेल्मा पाठोपाठ आली. या वेळी त्याने तिला कुठे पाठवलं नाही. काचेसमोर उभं राहून तो मोठ्याने म्हणाला, "परत दे."

काचेतला उजेड उतरला.

नळ करकरले. दिवे मंद झाले आणि गेले. गारठा जमिनीतून वर चढू लागला.

"एफ्राईन," वरून कॅप्टनचा आवाज आला. "इथे दिवे गेलेत."

तो काचेसमोरून हलला नाही.

"एफ्राईन, हवा फिरायची थांबली आहे. लोक घाबरलेत."

अंधारात तेल्माचे दात वाजत होते.

"एफ्राईन!"

"राहू दे," तो चुलीला म्हणाला. "ठेव तुझ्यापाशी."

उजेड आला. नळांतून ऊब धावली. वरच्या टाळ्या आणि नोल्बेर्तोची शिट्टी खालपर्यंत ऐकू आली. एफ्राईनला मान वर करवेना.

तेल्मा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चीफ, तुम्हाला मूलबाळ आहे?"

"नाही," तो चटकन म्हणाला. "का गं?"

"मग आत्ता अंधारात तुम्ही कुणाला म्हणत होतात, 'हात सोड, बाळा'?"

असं काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने खाली पाहिलं. त्याची डावी बाही खांद्यापाशी उसवली होती आणि ओढून ओढून बोटांच्याही खाली आली होती.