बाबारावांचा आवाज

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. त्या दिवसांत रायपूरचं ऊन माणसाला सावलीतसुद्धा हुडकून काढतं. अशा भर दुपारी तेलीबांध्याहून स्कूटी काढून उल्का देवतळे चौबे कॉलोनीत निघाली, ती एक बंद पडलेला लॅपटॉप बघायला.

उल्का मूळची वर्ध्याची. नवा रायपूरमधल्या एका सरकारी कार्यालयात संगणक सांभाळायची. शहरातल्या मराठी घरांत तिचं नाव झालं होतं, की मेलेलं मशीन उल्काच्या हातात द्या, उठून बसतं. आणि खोटं कशाला बोला, तिचाही त्यावर विश्वास होता.

दार ठोसरकाकूंनी उघडलं. सरलाबाई ठोसर. नवरा बाबाराव रेल्वेतून निवृत्त झालेला, मागच्या पावसाळ्यात गेला. मुलगा अभिनव पुण्याला. घरात काकू एकट्याच.

"ये बाई. काय ऊन हाय बाप्पा! काहून निघाली अशा वेळी?"

"आज सुट्टी होती काकू. दाखवा, पेशंट कुठे आहे?"

आतल्या खोलीत खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावल्या होत्या. कूलरची एकसुरी घरघर, ओल्या खसाचा वास आणि दुपार असूनही विहिरीच्या तळासारखा हिरवट अंधार. टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली, लॅपटॉप झाकून ठेवलेला होता.

"डोळे गेल्यापासून त्यायचं वाचनं सुटलं," काकू सांगू लागल्या. "मंग या खोलीत बसून याच्याशीच बोलत. रेल्वेतल्या गोष्टी भराले लागले होते. ते गेले अन् हे पन बंद पडलं. दुकानवाला म्हणे, सगळं पुसून नवीन टाकावं लागते. अभि म्हणते, फेकून दे." त्या थांबल्या. "पन उल्का, मले आता त्यायचा आवाजच आठवत नाही व. चेहरा दिसते, ओठ हलते… आवाज येत नाही."

उल्काने बटण दाबलं. काळा पडदा उजळला, त्यावर एक पांढरी ओळ उमटली आणि तिथेच अडकून बसली. तिने लॅपटॉपला कान लावला. आत डिस्क नीट फिरत होती.

"काकू, आतलं सगळं शाबूत आहे," ती म्हणाली. "जुनी सिस्टीम बिघडलीय, म्हणून दार उघडत नाही. मी माझ्या पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालवते, लिनक्स म्हणतात तिला. तिच्या वाटेने आत शिरायचं, काकांचा आवाज बाहेर काढायचा. मग जुनी काढून हीच कायमची बसवून देते."

"होईन ना?"

"होईन म्हणजे? होणारच!"

आणि झालंच. पडद्यावर नवा, निळसर रंग पसरला, जुनी डिस्क दिसली. तिच्यात 'आवाज' नावाच्या कप्प्यात दोन ध्वनिमुद्रणं होती. उल्काने पहिलं लावलं.

"तं मंडळी," एक खणखणीत, थोडा घोगरा आवाज खोलीभर पसरला, "तवा मी डोंगरगडले होतो. धुकं असं, का सिग्नल दिसे ना…"

काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला. त्यांचे खांदे हलत होते. उल्काने ते मुद्रण दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, आणि काकू जरा सावरल्यावर पुढचं लावलं.

यात आवाज नव्हता. नुसती घरघर. खराब असेल, असं म्हणत उल्का ते बंद करणार, तोच तिला ती घरघर ओळखू आली. कूलर होता तो. हाच कूलर. पाठोपाठ मुद्रणात दाराची कडी वाजली, आणि काकूंचाच आवाज आला,

"ये बाई. काय ऊन हाय बाप्पा!"

मग उल्काचा. "आज सुट्टी होती काकू…"

उल्काने घाईघाईने माइक तपासला. बंद होता. मुद्रणाची तारीख पाहिली. दीड वर्षापूर्वीची, जानेवारीतली.

"जानेवारीत…" काकू कुजबुजल्या, "जानेवारीत कूलर माळ्यावर असते, पोरी."

मुद्रण पुढे सरकत होतं. उल्काचं समजावणं, काकूंचं रडणं, अगदी आत्ता बोललेलं वाक्यसुद्धा. मग त्यात स्वयंपाकघरातलं एक भांडं खणकन पडलं. इथे, खोलीत, सगळं शांत होतं. उल्काने श्वास घेतला न घेतला तोच, स्वयंपाकघरात भांडं पडलं. खणकन.

आत कोणीही नव्हतं.

उल्का बंद करायच्या खुणेवर पुन्हा पुन्हा बोट मारत होती. मुद्रण थांबत नव्हतं. खसाच्या वासात आता दुसरा एक वास मिसळला होता, कोळशाच्या ओल्या राखेचा.

"सरला…" बाबारावांचा आवाज. माइकला ओठ लावून बोलल्यासारखा. "सरला… चाल आता…"

त्यामागून मुद्रणात काकूंचा आवाज आला. "हव… आली." मग काहीतरी जड जमिनीवर कोसळलं. आणि उल्काची स्वतःची किंकाळी, "काकू!"

उल्काने मान वळवली. खुर्चीत बसलेल्या काकूंचे डोळे पडद्यावर खिळले होते. चेहऱ्यावर नव्या नवरीसारखा उजेड होता. ओठ उघडत होते.

"ह…"

उल्काने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर तळवा दाबला. दुसऱ्या हाताने वायर उपटली, लॅपटॉप उलटा केला आणि बॅटरी खेचून काढली. पडदा विझला.

विझलेल्या लॅपटॉपमधून एकदाच, विचारल्यासारखं आलं, "…सरला?"

मग नुसता कूलर.

काकूंनी तिचा हात झिडकारला. "काहून थांबवलं? त्याइनं मले बोलावलं! मले जाऊ दे. कोन हाय मले इथं?"

उल्काने बॅटरी टेबलावर ठेवली. ती काकूंच्या पायाशी बसली.

"काकू, एक सांगा. काका तुम्हाला नावाने हाक मारायचे?"

काकूंच्या चेहऱ्यावरचा तो उजेड हळूहळू ओसरला आणि त्या जागी भीती आली.

"नाही व माय…" त्या म्हणाल्या. "पूरा संसार झाला, त्याइनं कधी माहं नाव नाही घेतलं. 'अभिची माय' म्हनत. नाही तं 'ऐकलं का?'" त्यांनी टेबलाकडे बघितलं. "मंग हे कोन होतं?"

"ते मला माहीत नाही. पण ते या डिस्कवर राहणार नाही, एवढं मी करू शकते. काकांची डोंगरगडची गोष्ट माझ्याकडे उतरवलेली आहे. बाकी सगळं पुसू?"

"पूस," काकू म्हणाल्या. मग उठून जवळ आल्या. "थांब. कोनतं बटन हाय? मीच दाबतो."

उल्काने बॅटरी बसवली, आपली सिस्टीम पुन्हा चालू केली, जुनं सारं पुसून नवं बसवण्याचा आदेश समोर आणला. काकूंनी बोट ठेवलं आणि दाबलं. पट्टी हळूहळू भरत गेली. ऊन उतरेपर्यंत लॅपटॉप नवाकोरा झाला होता. अर्ध्या मिनिटात सुरू होत होता, आणि त्यात बाबारावांची एकच गोष्ट होती. त्या रात्री उल्का काकूंकडेच झोपली. काही झालं नाही.

पुढे काकू सावरल्या. रोज चहाच्या वेळी डोंगरगडची गोष्ट लावत, शेजारणींना ऐकवत. अभिनवलाही फोनवर ऐकवली. रायपुरात वाढलेला तो सवयीने हिंदीतच म्हणाला, "आई, बाबा बिलकुल सामने बैठे हैं, ऐसा लगा." उल्कालाही आपण केलेल्या कामाचा अभिमान वाटायचा.

दिवाळीच्या सुमारास ती चिवडा घेऊन काकूंकडे गेली. दोघी चहा घेऊन बसल्या. काकूंनी गोष्ट लावली.

"तं मंडळी, तवा मी डोंगरगडले होतो. धुकं असं, का सिग्नल दिसे ना…"

"उल्का," काकू हळूच म्हणाल्या, "चार-आठ दिवसांपासून यात कोनी तरी हुंकार देऊन राहिलं. बाईमानूस हाय. आधी नव्हता. ऐक बरं."

उल्काने कप खाली ठेवला. मुद्रणात बाबाराव बोलता बोलता थांबले होते. ऐकणारा जागा आहे ना, हे बघायला गोष्ट सांगणारा थांबतो, तसे.

"हूं," लॅपटॉपमधून आवाज आला.

काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "ओळखीचा वाटते का तुले?"

उल्काने तो ओळखला होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बाबाराव अजून थांबलेलेच होते.

"हूं," उल्काचा आवाज लॅपटॉपमधून पुन्हा म्हणाला. मगच बाबाराव पुढे बोलू लागले.