कणकेने मोजलेली फट

सपाट रस्त्यावर गार राहणारी गाडी घाटात का उकळावी? तीही नवाकोरा पाण्याचा पंप बसवल्यावर? आबा पन्हाळ्याला एकटेच गेले होते आणि दुसऱ्याच वळणावरून टोचन लावून परत आले. दहा वर्षांच्या निहिराचं तोंड एवढंसं झालं. पंप तिनंच निवडला होता ना!

साल होतं २०७१. कोल्हापुरातल्या सगळ्या गाड्या विजेच्या, आपल्या आपण धावणाऱ्या. आबांची मात्र शंभर वर्षांपूर्वीची, पेट्रोल पिणारी इंग्लिश स्पोर्ट्स कार. बैठकी दोनच. आजी गेल्यापासून डावी रिकामी होती. तिथं बसू नकोस, असं आबा कधी म्हणाले नव्हते. पण विचारायचा निहिराला धीर झाला नाही. तिचे आईबाबा चंद्रावरच्या तळावर. घरात आबा, ती आणि खटपट्या नावाचा यंत्रमानव. जेवताना नुसता ताटवाट्यांचा आवाज. फार एकटं वाटायचं तिला.

शनिवारी तपासणी होती. गाडी घाट चढली तर घरी, नाहीतर थेट संग्रहालयात, असा नगराचा नियम.

"नेऊ देत," आबा म्हणाले. "सांभाळायची तरी कुणासाठी?"

मी आहे की घरात! निहिराच्या मनात आलं, पण ती बोलली एवढंच, "आबा, पंप नक्की करतो काय?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं.

"इंजिन तापतं. पाणी ती उष्णता उचलून रेडिएटरकडे (गरम पाणी वाऱ्यानं निववणारी जाळी) नेतं. पाण्याला ढकलतो इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चक्र). ओली छत्री गरगर फिरवली की थेंब बाहेर उडतात ना? तशी ही पाती मधलं पाणी कडेला फेकतात, आणि ते जोरानं पुढं जातं."

"पाती आणि समोरची भिंत यांच्यात मोठी फट राहिली तर?"

"फेकलेलं पाणी फटीतून मागं येणार. सपाटीवर खपून जातं गं. घाटात इंजिनाला जास्त कष्ट, जास्त उष्णता... आणि पाणी तिथंच घुटमळतंय!" आबा थांबले. "पण पंप बसवल्यावर आतली फट दिसणार कशी?"

निहिरा स्वयंपाकघरात पळाली. खटपट्यानं पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा तिनं उचलला, आबांकडून पंप सोडवून घेतला, पात्यांना तेल लावून गोळा त्यावर थापला, पंप जागेवर घट्ट आवळला आणि पुन्हा काढला. दबलेली कणीक भाकरीएवढी जाड होती!

"हात्तिच्या!" आबा ओरडले. "खटपट्या, हा पंप कशावरून बनवलास रे?"

"जुन्या पंपावरून. केसभरही फरक नाही," खटपट्या ऐटीत म्हणाला.

"अरे शहाण्या, जुन्याची पाती पन्नास वर्षं झिजलेली! तू झीजसुद्धा उतरवलीस!"

फळीवर दुसरा पंप पडून होता. ओतशाळेतल्या इंगवले काकांनी मूळ नकाशावरून ओतलेला, बिडाचा, काळा आणि खडबडीत. निहिरानं चकचकीत दिसतो म्हणून पहिला निवडला होता. आता याचीही परीक्षा झाली. कणीक निघाली पापडाएवढी पातळ.

"अजून कमी नको?" तिनं विचारलं.

"नको. पाती घासतील. थोडं अंतर लागतंच, फार झालं की काम बिघडतं," आबा म्हणाले आणि त्यांची नजर गाडीच्या रिकाम्या डाव्या बैठकीकडे गेली.

शनिवारी त्यांनी गाडीचं डावं दार उघडलं. "बस. तापमानाची सुई बघायला कुणीतरी पाहिजे."

निहिरा बसली. बैठक खोल होती; तिला रस्ता कमी आणि आभाळच जास्त दिसत होतं. दुसरं वळण गेलं, पाचवं गेलं. सुई मध्यावरून हलली नाही. घाटमाथ्यावर तपासनीसानं कागदावर शिक्का मारला, तरी ती सुईकडेच बघत होती.

"तुझी आजीही डोंगर सोडून सुईच बघायची," आबा हसले. आज पहिल्यांदाच ते आजीबद्दल बोलले होते. "आता आधी लवकर मोठी हो आणि गाडी चालवायला शीक."

"मग तुम्ही कुठं बसणार?"

"डावीकडे," आबा म्हणाले.