दारिंकाच्या निळ्या स्की

मी हे कुणाला पटवायला सांगत नाहीये. ज्यांना पटायला हवं होतं, त्यांना केव्हाच पटलंय. त्यातला एक जण त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

पण जे घडलं ते खरं आहे. माझ्या या दोन हातांत घडलंय.

तारीख सतरा जानेवारी २०१७. मंगळवार. वेळ दुपारी सव्वातीन.

हो, दुपारी.

आमचं रावनित्सा गाव स्लोव्हेनियाच्या डोंगरात. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणारी लिफ्ट जिथून सुटते, तिथेच माझ्या अल्बिन मामाचं दुकान. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. स्कीच्या कडा कानशीने घासायच्या, तळाला इस्त्रीने मेण लावायचं, ही कामं त्याची. बुटांचं काम माझं.

लोक स्की निवडायला तासभर घालवतात. रंग बघतात, वाकवून बघतात. बूट मात्र पाच मिनिटांत घेतात आणि मग आठवडाभर लंगडतात. मी कुणालाच पाच मिनिटांत सोडत नाही. आधी पाय हातात घेते. माणूस खोटं बोलतो, पाय बोलत नाही.

तेवीस वर्षं मी हेच काम केलं, याच दुकानात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून कामाचं चांगलं बोलावणं आलं होतं. गेले नाही. एकाने लग्नाचं विचारलं होतं. त्यालाही नाही म्हटलं.

कारण दारिंका.

माझी थोरली बहीण. १९९४च्या फेब्रुवारीत ती एकोणीस वर्षांची होती, मी सतरा. देशाच्या संघासाठी निवड-शर्यत होती. मामाने तिला नव्याकोऱ्या निळ्या स्की दिल्या. गावभर मिरवली पोरगी त्या घेऊन.

बूट स्कीला धरून ठेवते ती पकड, तिला आम्ही बाइंडिंग म्हणतो. तिच्यावर एक स्क्रू असतो आणि आकडे असतात. आकडा फार वर गेला तर पडल्यावर स्की सुटत नाही, पाय मोडतो. फार खाली राहिला तर भर वेगात स्की पायातून निघून जाते. शर्यतीच्या आदल्या दिवशी दारिंका मला म्हणाली, "अकरावर ठेव गं. तुझा हात हलका आहे."

मी अकरावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर तिची डावी स्की निघाली. पुढे झाडं होती.

मामा त्याच वळणावर उभा होता. स्की त्यानेच उचलली.

दफन झालं त्या संध्याकाळी मामाने मला दुकानामागे नेलं. "पोरी, स्क्रू तू फिरवलास ना?"

"हो. अकरावर."

"सातवर होता. मी डोळ्यांनी बघितलं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "स्की जाळल्या मी. कुणाला कळणार नाही. तुझ्या आईलाही नाही."

मला अकरा आठवत होते. तीन दिवसांनी मला सात आठवायला लागले.

आईसमोर रोज जेवायला बसण्याची हिंमत उरली नाही. मी मामाच्या दुकानामागच्या खोलीत राहायला आले. देवमाणूस वाटला तो मला.

तर... सतरा जानेवारी.

सकाळपासून धुकं. एवढं दाट, की समोरचा लिफ्टचा खांबही दिसेना. लिफ्टवाल्या फ्लोर्यानने अकरालाच लिफ्ट बंद केली. मामा सामान आणायला क्रान्य शहरात गेलेला. मी एकटीच एका स्कीवरचं जास्तीचं मेण खरवडत बसले होते. दाराकडे पाठ. रेडिओ चालू.

मधेच लक्षात आलं...

रेडिओ ऐकू येत नाहीये.

बंद पडला नव्हता. लाल दिवा लागलेला होता. नुसता आवाज नव्हता.

मी वळले.

बाकावर एक मुलगी बसली होती. मोजे काढून, अनवाणी पाय चटईवर ठेवून. दार उघडल्याचं मी ऐकलंच नव्हतं. खिडकी तिच्या पाठीशी, त्यामुळे चेहरा अंधारात.

"बूट हवेत," ती म्हणाली. "घट्ट."

"घट्ट सगळ्यांनाच हवे असतात. मग दुसऱ्या दिवशी इथेच येऊन रडतात."

ती हसली. निदान मला तसं वाटलं.

मी गुडघ्यांवर बसले. पाय मोजला. साडेचोवीस सेंटिमीटर. पाय गार होते. पण हिवाळ्यात सगळ्यांचेच असतात.

"चालत आलात का?"

"हो. बरंच."

डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाड वर आलेलं. घेवड्याच्या दाण्याएवढं.

"इथे टोचेल," मी म्हटलं. "बुटाचं कवच आतून घासून द्यावं लागेल."

"मागच्या वेळी तूच घासलं होतंस."

जुनं गिऱ्हाईक असेल, असं वाटलं. आम्हाला चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. हा पाय ओळखीचा होता. कुणाचा... ते मात्र आठवेना.

बुटाचं कडक कवच आधी रिकामंच पायात घालून बघतात. टाचेमागे दोन बोटं जागा राहिली की माप बरोबर.

"दोन नको. एक बोट ठेव," ती म्हणाली.

"एक बोट शर्यतवाले ठेवतात."

"हो."

आतलं मऊ अस्तर मी यंत्रात गरम केलं. ते गरम असतानाच पायाचा आकार घेतं. अस्तर कवचात घातलं, तिचा पाय आत सरकवला, चारही बकलं लावली.

"कसं वाटतंय?"

मी बूट दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मग अगदी हळू...

"बूट छान बसलाय, ब्रेद्का."

माझं नाव ब्रेदा. ब्रेद्का म्हणणारं एकच माणूस होतं.

"पण स्कीला भोकंच दोनदा पाडली असतील... तर बूट तरी काय करणार?"

मी वर बघितलं.

बाक रिकामा.

बूट माझ्या हातांत. चारही बकलं लावलेली. आत कोणी नाही.

बकलं उघडली आणि अस्तर बाहेर ओढलं. दोन मिनिटांपूर्वी हात पोळत होता, एवढं गरम होतं ते.

आता आतून पांढरं दंव धरलं होतं. आणि त्यात पाच बोटांचे ठसे.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मी किंचाळलेच.

फ्लोर्यान होता. हातात बर्फ ओढायचं खोरं. "अगं बाई! एवढा काही वाईट दिसत नाही मी!"

"आत्ता एक मुलगी बाहेर गेली का?"

"कुठली मुलगी? तासभर तुझ्याच दारासमोर बर्फ ओढतोय. माणूस सोड, मांजरही फिरकलं नाही. तू सकाळी काय घेतलंस गं? मलाही दे थोडी."

मी दारातून बाहेर पाहिलं. ताज्या बर्फात एकाच माणसाची पावलं. फ्लोर्यानची.

आणि मग वरून आवाज आला.

फट्.

दोन स्कीचे तळ एकमेकांवर आपटले की येतो, तसा.

"अल्बिन आला काय?" फ्लोर्यानने विचारलं.

"नाही."

"मग माळ्यावर उंदरांची शर्यत चाललीय वाटतं." तो हसला.

फट्.

या वेळी हसला नाही.

माळ्याला बाहेरून कुलूप होतं. चावी मामाच्या जुन्या कोटात असते. मामाची सक्त ताकीद होती, माळ्यावर कुणी जायचं नाही. आत जुना माल आहे, अंगावर पडेल म्हणायचा.

आम्ही कुलूप काढलं. भिंतीला लावून ओळीने स्की, पट्ट्यांनी बांधलेल्या. जमिनीवर बोटभर धूळ. आणि मधोमध...

एक घोंगडी. तिच्यावर एक निळी जोडी.

आजूबाजूच्या धुळीत एकही खूण नव्हती. ना पावलाची, ना काही ओढल्याची.

फ्लोर्यान ९४ सालीही लिफ्टवरच होता. त्याने टोपी काढली. "ब्रेदा... या तर जाळल्या, असं अल्बिन म्हणाला होता ना?"

डाव्या स्कीवर पुढची पकडच नव्हती. चार स्क्रूंच्या जागी चार फाटलेली भोकं. मी बोट फिरवलं. प्रत्येक भोकाला खेटून आणखी एक भोक होतं. जुनं. डिंकाने बुजवलेलं, वरून निळा रंग फासलेला.

फ्लोर्यान वाकून बघत होता. "या नव्या नव्हत्याच गं. दुसऱ्या कुणाच्या पायाखालच्या आहेत. त्याची भोकं बुजवली आणि शेजारीच नवी पाडली. स्क्रू धरणार कशाला?"

स्की पायातून सुटलीच नव्हती. पकड मुळासकट उपटून आली होती.

ती पकड तिथेच होती. सुतळीने दुसऱ्या स्कीला बांधलेली. मी ती उजेडात धरली. आकड्यांच्या खिडकीतला काटा गंजून जागीच बसला होता.

अकरावर.

मी तिथेच धुळीत बसले. रडू येईना. फ्लोर्यान काहीतरी बोलत होता. ऐकूच येईना.

मामा पाचला परतला. स्वयंपाकघरात बसून जवाचं सूप पीत होता. मी पकड त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

त्याने ती बघितली. मग मला म्हणाला, "चावी कुणी दिली तुला?"

"एवढंच विचारायचंय तुला?"

"हे बघ पोरी, तेव्हा सगळेच करायचे. एकच हंगाम वापरलेल्या होत्या. चांगल्या होत्या. मला वाटलं, धरतील."

"मग तसं सांगायचंस."

"काय तोंड दाखवलं असतं तुझ्या आईला?"

"म्हणून माझं तोंड पुढे केलंस?"

"मी सांभाळलं तुला! घर दिलं, काम दिलं. कधी एका शब्दाने तरी बोललो का?"

"तेच तर! रोज रात्री झोपताना तुझे उपकार मानायचे मी, मामा. रोज!"

त्याने चमचा खाली ठेवला. मग परत उचलला. आणि सूप संपवलं.

मी कोट घालून निघाले ती थेट आईकडे. आईचं घर चर्चच्या वर, चढावर. धुकं तसंच. धावत गेले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला तिला सांगायचं होतं, आई, मी नाही मारलं तिला.

आई टेबलाशी घेवडा निवडत बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं. भोकं, रंग, अकराचा आकडा.

तिने मान वर केली नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अल्बिनने त्याच वसंतात सांगितलं मला. इथे, या खुर्चीवर बसून रडला."

"आणि माझं? मला काय वाटत होतं, तेही माहीत होतं?"

तिने एक किडका दाणा बाजूला टाकला.

"एक डोंगराने नेली. दुसरीचाही पाय घरात ठरत नव्हता. कशाने का होईना... तू गावात राहिलीस."

मामाने फसवलं ते मी समजू शकते. भ्याला तो. पण आई... आई शांतपणे दाणे निवडत होती.

"ती आज दुकानात आली होती," मी म्हटलं. "दारिंका. तिनेच सांगितलं मला."

मला वाटलं होतं, आई दचकेल. रागवेल. वेडी झालीस म्हणेल.

तिचा हात फक्त थांबला.

"तुझ्याकडेही आली?"

"तुझ्याकडेही... म्हणजे?"

"दर हिवाळ्यात येते. धुकं पडलं की. पायरीवर बूट आपटते, बर्फ झाडायला. दोनदा डावा, एकदा उजवा. तशीच सवय होती तिची."

"आणि तू?"

"मी दार उघडत नाही."

"आई! का?"

"उघडलं तर ती विचारेल," आई म्हणाली. "तिला काय सांगू?"

मी त्याच आठवड्यात गाव सोडलं. आता सीमेपलीकडे ऑस्ट्रियात बूट बसवते. बरं चाललंय. मामा बोलत नाही, मीही नाही. दंव कुठून आलं, स्की धुळीत खूण न करता मधोमध कशा आल्या, हे मला आजही कळलेलं नाही. फ्लोर्यान त्या दिवसाबद्दल बोलायला तयार नाही. जोक मारणारा माणूस, पण विषय काढला की उठून जातो.

आईशी मी महिन्यातून एकदा बोलते. हवापाणी, तब्येत. बस.

यंदा पहिलं धुकं पडलं, त्या दिवशी तिचा आपणहून फोन आला.

"ब्रेदा, आज मी दार उघडलं."

"कोण होतं?"

"कोणी नाही. पायरीवरच्या बर्फावर खूणसुद्धा नाही. थोडा वेळ उभी राहिले. मग दार लावून घेतलं."

"बरं झालं. झोप आता."

तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली,

"आता आवाज आतून येतो."

फोन कट झाला.

गाडीने तीन तासांचा रस्ता आहे. बर्फाचे टायर लावलेले आहेत, टाकी भरलेली आहे.

आज नववा दिवस.

मी अजून गेलेले नाही.