मास्तरांचं ‘दिलं’

विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने उडवायला पाठवण्याआधी शेजारची रिकामी सीट बांधून टाकायची असते. तिथे एरवी शिकवणारा बसतो. तो नसला की त्याचा पट्टा मोकळा लोंबतो आणि नको त्या वेळी विमान हाकायच्या दांडीत, स्टिकमध्ये, अडकतो. म्हणून पट्टा लावायचा, शेवटपर्यंत आवळायचा आणि एकदा ओढून पाहायचा. शिकवणाऱ्या ताईने त्या सकाळी हे सगळं स्वतः केलं. पट्टा गादीवर इतका घट्ट बसला की खाली बोटसुद्धा शिरेना.

“झालं,” ती म्हणाली. “आता तू आणि विमान. तिसरं कुणी नाही.”

डाव्या सीटवर टाचणी बसली होती. अंगाने इतकी बारीक की पेडलांपर्यंत पाय पोचायला तिला पाठीमागे दोन उशा लागत. क्लबात सगळे तिला टाचणीच म्हणत. ताईने घडवलेली ही पहिली विद्यार्थिनी. ताई सहा वर्षं फार लांब शिकून परतली होती. तिथे चांगली नोकरी मिळत होती, पण चार विमानं आणि एक गळकी शेड असलेल्या या आपल्या क्लबातून नीट शिकलेले वैमानिक निघाले पाहिजेत, या एका ध्यासाने ती आली होती. आज टाचणी सुखरूप उतरली तर तो ध्यास खरा होता. आणि नाही उतरली तर... त्याच्या पुढे ताईचा विचार जात नव्हता.

“पुन्हा सांग,” ताई म्हणाली.

“धावपट्टीच्या मधल्या रेघेवर धावायचं. वेग पासष्ट होईपर्यंत ओढाओढ करायची नाही, विमान आपणहून हलकं होतं. उतरताना नजर पट्टीच्या पार टोकाला. पट्टी दूर वाटली तरी नाक वर ओढून तिथवर पोचायचा प्रयत्न करायचा नाही. भोंगा वाजला तर—”

“तर?”

“नाक खाली, पॉवर पुढे. जमीन समोर दिसत असली तरी नाक खाली.”

“आणि रेडिओ?”

“बोलून झालं की बटण सोडायचं. दाबलेलं असेल तर तुमचं काही ऐकू येणार नाही. ताई, पाठ झालंय हो! माझी आई कमी काळजी करते.”

विमानाला टेकून उभे असलेले मेकॅनिककाका हसले. “पुस्तकताई, सोडा आता पोरीला. पेट्रोल म्हातारं व्हायला लागलं.”

पुस्तकताई हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, आणि त्याला कारण होतं. या क्लबात एक जुनी रीत होती. ताबा देताना एकाने म्हणायचं ‘दिलं’, दुसऱ्याने स्टिक धरून म्हणायचं ‘घेतलं’. ते ऐकल्याशिवाय पहिल्याने हात सोडायचा नाही. ही रीत मास्तरांची, ताईच्या आधी इथे शिकवणाऱ्यांची. ताईने आल्याआल्या ती बंद केली. “ही काय किराणा दुकानातली भाषा आहे?” असं म्हणून तिने पुस्तकातली लांबलचक वाक्यं भिंतीवर लावली.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. गेले तेही याच विमानात, याच उजव्या सीटवर. विद्यार्थी गडबडला, मास्तरांनी ‘घेतलं’ म्हणून विमान सावरलं, सरळ केलं... आणि परत द्यायच्या आतच मान छातीवर टेकली. विद्यार्थ्याने कसंबसं उतरवलं. त्यानंतर तो पोरगा विमानाकडे फिरकला नाही.

“मास्तरांचं ‘दिलं’ राहिलं,” काका कधीकधी म्हणत. ताईला ते ऐकून वैताग यायचा. टाचणीचे पहिले चार तास मास्तरांच्याच हाताखाली झाले होते. त्यामुळे गोंधळली की तिच्याही तोंडून जुनाच शब्द निसटायचा. ताई दर वेळी टोकायची.

विमान धावलं, रेघ न सोडता धावलं आणि अगदी वेळेवर हलकं झालं. ताई हातातला रेडिओ घेऊन पट्टीच्या कडेला उभी होती. वर पातळ पांढरं धुकं पसरलं होतं, दुधात पाणी घातल्यासारखं. त्यात विमान दिसेनासं झालं आणि नुसता आवाज गोल फिरत राहिला. गवताला ओल्या लोखंडासारखा वास येत होता. काका शेजारी येऊन उभे राहिले.

“शेवटचं वळण घेते,” रेडिओवर टाचणी म्हणाली. त्यानंतर रेडिओ शांत व्हायला हवा होता. तो झाला नाही. इंजिनाची घरघर आणि टाचणीचा श्वास तसाच ऐकू येत राहिला.

मग झाडांच्या रांगेवर विमान दिसलं. फार खाली होतं, आणि नाक वर...

“ओढू नकोस,” ताई पुटपुटली. “ओढू नकोस गं...”

रेडिओतून भोंगा रडायला लागला. विमान हवेत टिकण्याइतका वेग उरला नाही की तो असाच लांब सूर लावतो. टाचणीला पट्टी हाताबाहेर जाताना दिसत होती, आणि ती नाक आणखी वर ओढत होती. सगळे नवशिके करतात तीच चूक. आता एक पंख खाली कलंडणार, आणि त्या उंचीवरून सावरता येत नाही.

भोंग्याच्या वर टाचणीचा आवाज आला. अगदी बारीक.

“...दिलं...”

ताईच्या भिंतीवरची वाक्यं कुठल्याकुठे गेली. रेडिओ तोंडाशी धरून ती ओरडली, “घेतलं!”

आणि विमानाचं नाक खाली आलं.

दचकून आलं नाही. कुणी झोपलेल्या मुलाची मान उशीवर ठेवावी तसं आलं. इंजिनाचा आवाज भरला, भोंगा थांबला. झाडांच्या शेंड्यांवरून विमान सरळ, निवांत पुढे आलं. ताई बघतच राहिली. हात ओळखता येतात, अक्षर ओळखावं तसे. हे अक्षर टाचणीचं नव्हतं.

पट्टीवर दोन माणसांच्या उंचीवर असताना विमान किंचित डावीकडे झुकलं, सावरलं, एक छोटी उडी मारून टेकलं. हे मात्र टाचणीचं.

ताई धावत सुटली. टाचणी दार उघडून खाली उतरली ती थेट तिच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या आणि हसत होत्या.

“तुम्ही ‘घेतलं’ म्हणालात ना, तेव्हा जिवात जीव आला. हातच सैल पडले माझे. आणि पट्टी जवळ आली तसं ‘दिलं’ म्हणालात... मग मीच उतरवलं. उडी मारली, पण उतरवलं!”

“मी...” ताई थांबली. “‘दिलं’ मी म्हटलं?”

“रेडिओवर आवाज जरा जाड येत होता. पण तुम्हीच. दुसरं कोण म्हणणार?”

काका विमानात डोकं घालून स्टिकवरचं बटण बघत होते. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी ते अलगद उचकटलं. टक् असा आवाज झाला आणि ताईच्या हातातला रेडिओ इतक्या वेळाने गप्प झाला.

“अडकलं होतं,” काका तिच्याकडे न बघता म्हणाले. “शेवटच्या वळणापासून.”

म्हणजे टाचणीला तिचं एक अक्षरही ऐकू गेलेलं नव्हतं. ताईला भीती वाटायला हवी होती, पण आधी दाटून आलं ते वेगळंच. पोर समोर उभी होती, धडधाकट, नाक पुसत. जे राहिलं होतं तेही कुणीतरी देऊन टाकलं होतं.

“ताई, वहीत सोलो लिहू ना?” टाचणीने भीतभीत विचारलं. “की... अर्धंच धरायचं?”

“लिही. चाकं जमिनीला लागली तेव्हा ताबा तुझा होता,” ताई म्हणाली. “आणि भिंतीवरचा तो कागद काढून टाक माझा.”

टाचणी उड्या मारत शेडकडे पळाली. काका मात्र वळसा घालून उजव्या दाराशी आले होते.

“हा पट्टा कुणी सैल केला?”

सकाळी ज्याच्याखाली बोट शिरत नव्हतं तो पट्टा लावलेलाच होता, पण शेवटच्या टोकापर्यंत सोडलेला. एखाद्या भरदार माणसाच्या मापाचा. ताईने आत हात घालून टोक धरलं आणि सकाळसारखं आवळायला ओढलं. पट्टा थोडा सरकला आणि गादीच्या वर वीतभर, हवेतच, अडला. तिने जोर लावला. तो मधोमध गोल ताणला गेला, पण खाली बसला नाही.

काकांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि दार न लावता दोन पावलं मागे सरकून वाट मोकळी करून दिली.

“राहू द्या, ताई,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मास्तर कधी घाईने उतरायचे नाहीत.”