कोनाड्यातला पस्ताना

कंदील जरा इकडे सरकव. वात मोठी नको करूस, काच काळी होते. सांगते.

गेल्या मे महिन्यात मामाच्या गावाला जायचं ठरलं आणि आमच्या घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. मामाचं गाव अक्कलकोटच्याही पुढे. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, तिकडे कुणी गेलं नव्हतं. शाळेला सुट्टी लागताच अण्णांनी निंगप्पाचा छकडा सांगून ठेवला. ऊन तापायच्या आत वळसंग गाठायचं, तिथे बैल सोडायचे, जेवायचं, उन्हं कलली की पुन्हा जुंपायचं. गोदाआत्या दशम्यांसाठी दूध बाजूला काढू लागली. शेंगांची चटणी कुटून झाली. धाकट्यांचं पोट बिघडलं तर हाताशी असावं म्हणून ओव्याची पुरचुंडीही बांधून झाली.

"निंगप्पाजवळ मी बसणार," कमलाकर म्हणायचा.

"तू झोपतोस. पडशील," हेमा म्हणायची. ती चार वर्षांची, पण बोलायला आत्यासारखी.

"आणि तू ओकतेस!"

मी कुठे बसणार, हे कुणी विचारलं नाही. मी मोठी. मागे ट्रंकेला टेकून बसणार, हे ठरलेलंच होतं.

छकडा शुक्रवारी मिळणार होता आणि पंचांगातला मुहूर्त होता बुधवारचा. अशा वेळी आमच्याकडे पस्ताना ठेवतात. जाणाऱ्या प्रत्येकाचा एकेक कपडा घ्यायचा, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड घालून गाठोडं बांधायचं आणि मुहूर्तावर ते वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. ज्याचा कपडा गेला, तो माणूस निघाला असं समजायचं. मग खरं निघालो की ते गाठोडं उचलून पुढे जायचं. परत घरी मात्र आणायचं नाही.

बुधवारी ऊन उतरल्यावर आत्याने गाठोडं माझ्या हातात दिलं.

"नाक्यापलीकडे नागव्वा राहते ना, पूर्वी गोवऱ्या आणायची ती, तिच्याकडे ठेव. वाटेत कुणाशी बोलत उभी राहू नकोस."

"ताई? ती कधी बोलते कुणाशी!" कमलाकर हसला.

मी दारात "येते" म्हणाले. आत्या आतून "ये" म्हणाली.

नाक्यापुढे वस्ती संपते. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं आणि मध्ये धुळीचा रस्ता. गिरणीचा भोंगा झाला. इतक्या लांबून तो कुणीतरी रडून थांबावं तसा ऐकू आला. नागव्वाचं खोपट रस्त्याच्या कडेला एकटंच आहे. दार उघडं होतं. आत अंधार, राखेचा वास, आणि त्या वासाखाली आणखी एक वास... तेव्हा तो मला ओळखता आला नाही.

"यारू? कोन हाय?"

नागव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसायचं बंद झालं होतं. ती गावात यायची बंद झाली ती त्यामुळेच.

"मी... मास्तरांची पद्मजा. पस्ताना ठेवायचाय."

"ठेव की. कोनाड्यात ठेव, पयल्या गाठोड्याशेजारी."

मी कोनाड्यात हात घातला. तिथे खरंच एक गाठोडं होतं. हिरवं खणाचं कापड, धुळीने राखाडी झालेलं. गाठीची दोन टोकं आत खोचलेली. तशी गाठ आमच्या घरी एकच माणूस बांधायचं.

"हे कुणाचं?"

"तुज्या आईचं न्हवं? लीलाबाईचं. तुज्या मामाकडं जायाचं म्हनून ठेवून गेली. तवापासून तितंच हाय."

मला आठवलं. हेमा झाली त्यानंतरचा उन्हाळा होता. आई माहेरी जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला, आणि मग... पुढच्या गडबडीत पस्तान्याची आठवण कुणाला राहणार? नागव्वाला आई गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तीच पुढे बोलली.

"तुज्या आईला सांग पोरी, असं दारात उबं ऱ्हाऊ नये."

"कुणी?"

"तिनंच की. तिनीसांज झाली की येती. आत ये म्हनलं तर येत न्हाय. घरी जा म्हनलं तर म्हनती, निघालेल्या मानसानं परत कसं जायाचं? आन् रोज येकच इचारती बग... बाळं आली का?"

बाहेर उजेड पिवळा होत चालला होता.

मी कोनाड्यापुढे खाली बसले आणि हिरव्या गाठोड्याची गाठ सोडली. तांदळाचं पीठ झालं होतं. सुपारी तशीच होती. आईची एक चोळी. तिच्या घडीत हेमाची कुंची आणि कमलाकरचं टोपडं. आता कळलं तो वास कसला ते. कुंचीला ओव्याच्या धुरीचा वास येत होता, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा, जणू काल सकाळीच कुंची धुरीवर धरली असावी. चार वर्षांत तो गेला नव्हता.

ज्याचा कपडा गेला, तो माणूस निघाला. म्हणजे हेमा आणि कमलाकर चार वर्षांपूर्वीच आईबरोबर निघाले होते, आणि आई त्यांच्यासाठी वाटेवर थांबली होती. शुक्रवारी आम्ही दोघांना छकड्यात घालून, पस्ताना उचलायला, बरोबर याच दारात आणणार होतो.

मी पुन्हा त्या गाठोड्यात हात घातला. उलटसुलट करून पाहिलं. माझं त्यात काहीच नव्हतं. त्या वर्षी मला शाळेच्या परीक्षेसाठी मागे ठेवायचं ठरलं होतं... हे मला ठाऊक होतं गं, पण ते असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

कुंची आणि टोपडं मी पोलक्यात खुपसलं. मग चोळी एकटीच उरली. ती तशी बांधवेना. मी वेणीची रिबीन सोडली, चोळीच्या घडीत ठेवली आणि आईसारखीच टोकं आत खोचून गाठ मारली. मग दोन्ही गाठोडी कोनाड्यात शेजारी ठेवली.

"झालं का गं?" नागव्वा म्हणाली. "बिगीनं जा. तिची यायची येळ झाली."

परतीच्या वाटेवर मी एकदाही मागे पाहिलं नाही. नाक्यापर्यंत कुणीतरी मागे होतं. पावलं वाजत नव्हती, फक्त बांगड्या... हात हलला की किणकिणतात तशा. नाक्याशी त्या थांबल्या.

घरी पोचले तेव्हा हेमा उंबऱ्यात बसली होती. भर मे महिन्यात तिचे ओठ निळे पडले होते.

"ताई, मला थंडी वाजत होती. आता नाही वाजत."

आत्या पाणी तापवायला मागे गेली, तेव्हा कुंची आणि टोपडं मी चुलीत घातलं. परत आणलेल्या पस्तान्याचं काय करतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे निघालो. नागव्वाच्या खोपटापाशी छकडा थांबला तशी मी कुणी उतरायच्या आधी उडी मारली.

"पद्मे, अगं सावकाश!" अण्णा ओरडले.

कोनाड्यात आमचंच गाठोडं होतं. हिरवं नव्हतं.

"घेऊन गेली," नागव्वा म्हणाली. "काल आली ती पयल्यांदाच आत आली. लई खुशीत व्हती बग. म्हनली, सोबत मिळाली."

मी गाठोडं छातीशी धरून छकड्यात चढले आणि ट्रंकेला टेकून बसले. वाटेत हेमा ओकली, कमलाकर निंगप्पाच्या खांद्यावर झोपला, वळसंगला चटणी सगळ्यांना पुरली. दोघंही धडधाकट परत आली. तू पाहतेसच ना, घर कसं डोक्यावर घेतात ते.

या वर्षी पुन्हा जायचं ठरतंय. काल आत्या पस्तान्याचे कपडे काढत होती. म्हणाली, "पद्मे, तुझा परकर दे."

मी म्हणाले, "माझं राहू दे आत्या. माझं आधीच गेलंय."

ती डब्यात काहीतरी शोधत होती. तिने ऐकलं नसावं.

आणि परवाची गोष्ट. शाळेला निघताना मी सवयीने दारात "येते" म्हणाले. अण्णा लवकर गेले होते. आत्या धाकट्यांना घेऊन शेजारी गेली होती. घरात कुणी नव्हतं. तरी "ये" ऐकू आलं. अगदी मायेनं, हळू...

माझं तोंड रस्त्याकडे होतं. आवाज समोरून आला.